सकाळची आठवण वाढवली

माझ्या हाताखालून गेलेली नोंद चुकीची निघणार नाही, असं मी पूर्वी छाती ठोकून सांगायची. आता सांगत नाही. कुणी विचारतही नाही म्हणा.

आमचं ऑफिस रत्नागिरीत, एका औषधाच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत. दवाखान्यांना लागणारं सॉफ्टवेअर आम्ही करतो. रुग्णांच्या नोंदी, तपासण्यांचे रिपोर्ट, कुणाची पाळी कधी आहे त्याचे फोनवर जाणारे मेसेज, असलं सगळं. माणसं पाच. कुणीही त्या सॉफ्टवेअरमध्ये बदल केला, मग तो एका अक्षराचा का असेना, की बदल साठवताना त्याला एक ओळ जोडावी लागते. काय केलं, ते त्या ओळीत लिहायचं. तिला कमिट मेसेज म्हणतात. सहा महिन्यांनी काहीतरी बिघडतं, तेव्हा या ओळींच्या यादीवरूनच बिघाड कुठे शिरला ते शोधायचं असतं.

मी इथे लागले तेव्हा ती यादी वाचून माझं डोकं उठलं होतं. ‘दुरुस्त केलं.’ ‘पुन्हा दुरुस्त केलं.’ ‘आता तरी चाल बाबा.’ एकाने तर नुसतं ‘जेवायला जातो’ असं लिहून ठेवलं होतं, आणि त्या बदलात त्याने बिलाची अख्खी पद्धत बदलली होती. मी आठवड्याभरात नियमांचा कागद छापून पाण्याच्या फिल्टरशेजारी चिकटवला. मेसेज इंग्रजीत. पहिली ओळ पन्नास अक्षरांच्या आत. शेवटी टिंब नाही. क्रियापद आज्ञार्थी, म्हणजे ‘बदललं’ असं नाही, ‘बदल’. मग एक ओळ कोरी, आणि त्याखाली हे का केलं त्याचं कारण. सगळे मला हसले. पण सरांनी, म्हणजे आमच्या मालकांनी, नियम उचलून धरले आणि नवी आवृत्ती दवाखान्यांकडे जाण्यापूर्वी सगळ्यांचे मेसेज सरळ करायचं काम माझ्याच गळ्यात बांधलं. मला ते आवडायचं. कुणाचं टिंब राहिलं तर मला रात्री झोप लागत नाही, असं माझा नवरा सगळ्यांना सांगत सुटायचा.

नियम सगळ्यांनी पाळले. एका काकांनी नाही.

काका आमच्यात वयाने सगळ्यात मोठे, पंचावन्नच्या पुढचे. मूळ लांज्याचे. घरचं किराणा दुकान होतं, पण हे मुंबईला गेले आणि वीसेक वर्षं संगणकावर काम करून राहिले. मग बायकोला पक्षाघात झाला. तिचं बोलणं गेलं, उजवं अंग गेलं. मुंबईच्या घराचं नाव काढलं की ती रडायची, म्हणून काकांनी तिला इकडे आणलं आणि नाचणे गावाच्या बाजूला भाड्याने घर घेतलं. आमच्याकडे त्यांना तीन वर्षं झाली होती. रोज साडेबाराला ते घरी जायचे, तिला भरवायचे, कूस बदलून द्यायचे आणि दीडच्या ठोक्याला परत यायचे. रत्नागिरीत या कामाच्या नोकऱ्या बोटावर मोजण्याइतक्या, त्यातही दुपारी तासभर सोडणारी ही एकच. ही गेली की बायकोला उचलून पुन्हा मुंबईला न्यायचं, हे त्यांना ठाऊक होतं आणि आम्हालाही.

काम ते उत्तम करायचे. मेसेज मात्र मराठीत, इंग्रजी अक्षरांत लिहायचे. मी किती वेळा सांगितलं. ‘‘आज्ञार्थी काय लिहायचं गो? हुकूम कुणाला सोडतेस?’’ म्हणायचे, आणि पुन्हा तेच. त्यांचे मेसेज मीच इंग्रजीत फिरवून ठेवायची.

त्यात एक शब्द फार यायचा. वाढवली. त्यांच्या दुकानात संध्याकाळी ‘दुकान बंद कर’ असं म्हटलेलं त्यांच्या वडिलांना खपत नसे. दुकान वाढवायचं. नारळ फोडायचा नाही, वाढवायचा. बांगडी फुटत नाही, वाढते. जिचा शेवट तोंडाने काढायचा नाही, ती गोष्ट वाढवली म्हणायचं. ते वळण काकांच्या बोटांत उतरलं होतं. सॉफ्टवेअरमधलं काहीही त्यांनी बंद केलं की खाली लिहिणार, अमुक वाढवलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी त्यांच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिले.

‘‘काका, ही खिडकी तुम्ही मोठी केलीत की बंद केलीत?’’

‘‘बंद म्हणू नये गो. दवाखान्याचं काम आहे.’’

त्यावर ऑफिसात आठवडाभर हसू होतं. चहाचा कप कुणी संपवला की ‘वाढवलास का?’ असं विचारायचे. पुढे मला सवय झाली. काकांचं ‘वाढवलं’ आलं की मी इंग्रजीत ‘बंद कर’ असं लिहायची. तीन वर्षांत तीसेक वेळा तरी लिहिलं असेल, आणि एकदाही चुकलं नाही. हे मुद्दाम सांगते, कारण शब्द कळला नाही ही सबब मला नाही.

दिवाळी होऊन थोडे दिवस झाले आणि माझा नवरा गेला. सकाळी दाढी करता करता बेसिनपाशी खाली बसला, तो उठलाच नाही. गालाला साबण तसाच होता.

त्यानंतरचं मला सगळं आठवतं, पण दुसऱ्या कुणाचं बघितल्यासारखं. घर माणसांनी भरलं. पडवीत चपलांचा ढीग झाला होता, मी त्याच्या जोड्या लावत बसले. कुणीतरी मला हाताला धरून आत नेलं. दहाव्या दिवशी सासूबाईंची धाकटी जाऊ आत आली आणि माझ्या हाताकडे बघून त्यांना म्हणाली, ‘‘हिच्या बांगड्या वाढवल्या नाय काय गो अजून?’’ सासूबाई म्हणाल्या, ‘‘राहू देत. हल्ली कोण करतंय.’’ त्या दोघींचं त्यावरून हळू आवाजात वाजलं. मी उठले, बांगड्या एकेक करून काढल्या आणि पावडरच्या रिकाम्या डब्यात ठेवल्या. मला वाईट वाटलं नाही. बरंही वाटलं नाही. मनगटावर गोऱ्या कातडीचा पट्टा दिसला, तो जरा वेळ बघत राहिले.

पंधराव्या दिवशी मी ऑफिसला गेले. सर म्हणाले, ‘‘मॅडम, महिनाभर येऊ नका, मी सांभाळतो.’’ मी म्हटलं, येते. घरी तरी काय करणार होते. काकांनी माझ्या टेबलावर पाण्याची बाटली भरून ठेवली. मला काम जमत होतं. तेच वाईट झालं. हात थरथरले असते, रडू कोसळलं असतं, तर कुणीतरी मला घरी तरी पाठवलं असतं.

तिसऱ्या दिवशी सर नवी आवृत्ती पाठवणार होते. वीस-बावीस बदल होते आणि त्यांचे मेसेज मला सरळ करायचे होते. माझी पद्धत अशी की प्रत्येक बदल उघडून बघायचा, आत काय केलंय ते वाचायचं, मगच ओळ लिहायची. त्या दिवशी पहिले चार-पाच बदल मी उघडले. पुढचे उघडले नाहीत. घाई नव्हती. कंटाळाही नव्हता. उघडण्याचं कारण काय, तेच डोक्यात येत नव्हतं.

काकांची ओळ होती, सकाळची आठवण वाढवली.

डायलिसिसच्या एका केंद्रासाठी आम्ही सोय केली होती. ज्याची त्या दिवशी पाळी असेल त्याला पहाटे साडेपाचला फोनवर मेसेज जायचा. तीच सकाळची आठवण. काकांना काहीतरी तपासून बघायचं होतं, आणि त्या खटाटोपात खऱ्या रुग्णांना भलतेच मेसेज जाऊ नयेत म्हणून त्यांनी आपल्यापुरती ती आठवण बंद केली होती. हा बदल पुढे जायचाच नव्हता. मी तो उघडला असता तर मला एका नजरेत कळलं असतं. मी इंग्रजीत लिहिलं, ‘एक्स्टेंड मॉर्निंग रिमाइंडर’, म्हणजे सकाळच्या आठवणीची वेळ लांबव. मधल्या जागा धरून तेवीस इंग्रजी अक्षरं. क्रियापद आज्ञार्थी. शेवटी टिंब नाही.

सर कोड वाचत बसत नाहीत. ते मी सरळ केलेल्या ओळी वाचतात आणि पुढे जायचे ते बदल निवडतात. त्या केंद्राचे डॉक्टर बरेच दिवस म्हणत होते की एकच मेसेज पुरत नाही, सातपर्यंत पुन्हा एकदा जाऊ दे. सरांनी ओळ वाचली. ‘‘काकांनी हेही करून टाकलं वाटतं,’’ असं खूश होऊन म्हणाले. काका तेव्हा जेवायला घरी गेले होते.

सोमवारी पहाटे एकालाही मेसेज गेला नाही. केंद्रातलं एक यंत्र दुरुस्तीला गेलं होतं, त्यामुळे पाळ्या रोज बदलत होत्या आणि माणसं त्या मेसेजवरच विसंबून होती. सात जण चुकले. सहा जणांना केंद्राने फोन करकरून बोलावून घेतलं. सातवे एक म्हातारे गृहस्थ, लांज्याच्याही पलीकडच्या खेड्यातले, तिथे रेंज इतकी कमी की मेसेज तेवढा पोचतो, फोन लागत नाही. घरच्यांना वाटलं, मेसेज नाही म्हणजे आज पाळी नाही. मंगळवारी रात्रभर त्यांना श्वास घेता येईना. बुधवारी सकाळी गाडी करून आणलं. चार दिवस अतिदक्षता विभागात होते. वाचले. हे मी मागाहून तीनदा फोन करून विचारून घेतलं आहे.

गुरुवारी सरांनी आम्हाला बसवलं. भिंतीवरच्या पडद्यावर ती यादी लावली होती. ती ओळ आणि तिच्यासमोर काकांचं नाव.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. प्रत्येक नोंदीत दोन नावं असतात. एक बदल करणाऱ्याचं, दुसरं ती नोंद शेवटची ज्याने हाताळली त्याचं. मी कुणाचा मेसेज सुधारला की पहिलं नाव त्याचंच राहतं आणि दुसरं माझं होतं. पण नेहमीच्या यादीत फक्त पहिलं दिसतं. दुसरं बघायचं तर वेगळी आज्ञा द्यावी लागते, आणि ती देण्याचा प्रसंग कुणावर येत नाही. पडद्यावर माझं नाव कुठेच नव्हतं.

‘‘वर लिहिलंय मुदत वाढवली, आणि आत सरळ बंद करून टाकलंय,’’ सर म्हणाले. ‘‘डॉक्टर म्हणतात ही चूक नाही, लबाडी आहे. न जमलेलं काम झालं म्हणून दाखवलंय. त्यांना एक नाव हवंय. नाहीतर ते आमचं सगळंच बंद करतील. काका, ही ओळ तुमची?’’

काकांनी पडद्याकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. रागाने नाही.

‘‘नाव माझं आहे,’’ ते म्हणाले.

सर माझ्याकडे वळले. ‘‘मॅडम, तुम्ही तपासलं होतं ना?’’

‘‘मेसेज तपासले होते,’’ मी म्हटलं.

दोन्ही उत्तरं खरी होती. त्यानंतर मी चकार शब्द काढला नाही. सरांनी काकांना नोकरी सोडायला महिनाअखेरपर्यंतची मुदत दिली.

मी गप्प का बसले, याची कारणं मी नंतर पुष्कळ जमवली. घरात आता माझा एकटीचाच पगार. सासूबाई म्हाताऱ्या. पण ही सगळी नंतरची. त्या खोलीत माझ्या मनात असलं काही आलं नव्हतं. मला भीती वाटली असती तर घाबरून गप्प राहिले, असं तरी म्हणता आलं असतं. मी नुसती बसले होते. एका माणसाचं घर उठतंय, त्याच्या बायकोला पुन्हा तिकडे नेणार, हे मला स्पष्ट कळत होतं. कळत होतं, एवढंच. पुढे काही होत नव्हतं.

त्या महिन्यात काकांनी सगळं काम मला समजावून दिलं. कुठली फाइल कशाची, कुठल्या डॉक्टरांना काय चालत नाही, सगळं. आणि त्या महिन्यात त्यांनी एकूणएक मेसेज नियमाने लिहिले. इंग्रजीत, पन्नास अक्षरांत, खाली कारण देऊन. मला एकाही ओळीला हात लावावा लागला नाही. मी ते बघितलं आणि पुढच्या ओळीकडे गेले.

शेवटच्या दिवशी दुपारी सगळं ताब्यात घेताना मला पूर्ण नोंद छापून ठेवायची होती. पूर्ण म्हणजे दोन्ही नावांसकट. मी ती वेगळी आज्ञा दिली. पडद्यावर यादी सरकायला लागली. डावीकडे वेगवेगळी नावं, आणि उजवीकडे पानामागून पान माझं, माझं, माझं. एवढी वर्षं मी किती जणांची वाक्यं बदलली होती. शोधत शोधत मी त्या ओळीपाशी आले. तेवीस अक्षरं. त्यांचं नाव, आणि शेजारी माझं.

तिथे मी तो बदल पहिल्यांदा उघडला आणि आतलं वाचलं.

सहा वाजता मी काकांच्या घरी गेले. दार उघडंच होतं. बाहेरच्या खोलीत खोकी रचलेली, काका एका खोक्याला सुतळी बांधत होते. त्यांची बायको भिंतीकडच्या खाटेवर, दोन उशांना टेकून. तिने मला ओळखलं आणि डावा हात जरासा उचलला.

‘‘ये गो,’’ काका म्हणाले. ‘‘बस. खुर्ची बांधायची राहिलीय, तुझ्या नशिबाने.’’

मी बसले नाही. ‘‘काका, ती ओळ माझी होती.’’

‘‘ठाऊक आहे गो मला. मी एवढं गोडगोड इंग्रजी कधी लिहिलंय?’’

‘‘मग बोलला का नाहीत?’’

त्यांनी गाठ मारली. ‘‘काय बोलू? तुझ्या घरातलं सुतक नुकतं संपलेलं. त्यात मी शहाणा तो शब्द लिहून बसलो. वाढवली! दुसरा शब्द मिळाला नाय मला. मीटिंगमध्ये पडद्यावर बघितलं तेव्हा लक्षात आलं. म्हटलं, हिच्या हातच्या बांगड्या उतरून आठ दिवस झाले नव्हते, आणि हिला आपण तो शब्द वाचायला लावला. तो सोसला नसेल तुला, म्हणून तू त्याचा अर्थ दुसराच केलास. मग चूक कुणाची? माझीच. हिला येऊन सांगितलं.’’ त्यांनी खाटेकडे मान केली. ‘‘ही पण मानेनं म्हणाली, गप राहा. जाऊ मुंबईला.’’

खाटेवरची बाई माझ्याकडे बघत होती. तिच्या अर्ध्या चेहऱ्यावर माया होती. माझ्याबद्दलची.

मला तसंच ठेवता आलं असतं. त्यांनी माझ्यासाठी एक कारण लिहून ठेवलं होतं, मी कधी लिहिलं असतं त्यापेक्षा चांगलं. दुःखाने आंधळी झालेली बाई. ते घेऊन मी घरी जाऊ शकले असते, आणि तीही दोघं ते घेऊन समाधानाने गेली असती. पण ते खोटं होतं, आणि त्या खोट्यावर त्यांनी घर मोडलं होतं.

‘‘नाही काका,’’ मी म्हटलं. ‘‘मला तो शब्द लागला वगैरे काही नाही. मी तो नीट वाचलाच नाही. बदलसुद्धा उघडला नाही. मला काही वाटत नव्हतं.’’

‘‘काहीच नाय?’’

‘‘नाही.’’

‘‘आणि त्या दिवशी? सरांसमोर, मी तुझ्याकडे बघितलं तेव्हा?’’

‘‘तेव्हाही नाही.’’

सुतळीचं टोक त्यांच्या हातात तसंच राहिलं. खाटेवरून एक आवाज आला, शब्द नव्हता. काकांनी तिकडे बघितलं नाही.

‘‘मी उद्या सकाळी सरांना सांगते,’’ मी म्हटलं. ‘‘सगळं सांगते. ते तुम्हाला परत…’’

‘‘उद्या सातला गाडी येतेय,’’ ते म्हणाले. ‘‘घर सोडलंय. हिचं तिकडच्या दवाखान्यात नाव घातलंय.’’

मग त्यांनी खोकं पायाने भिंतीकडे सरकवलं, दारापर्यंतची वाट मोकळी केली आणि बाजूला उभे राहिले.

‘‘बरं. या तुम्ही,’’ म्हणाले.

तीन वर्षं माझ्याशी अगंतुगं करणारा माणूस मला पहिल्यांदा ‘तुम्ही’ म्हणाला. आणि ते मला लागलं.